तो हिट होता

रेवा, अर्णव,

गेल्या रविवारी कॉलवर रेवाने मध्येच विचारलं, "आजी, डिड डेलानो गेट इन?" तुमच्या बाबाने लगेच तिच्याकडे डोळे वटारले. आजोबा गेल्यापासून वेलिंग्टनहून येणारा प्रत्येक कॉल असा हलक्या पावलांनी येतो, आजारी माणसाच्या खोलीत यावं तसा. मी आजारी नाही. प्रश्न चांगला होता, पण उत्तर मोठं आहे. म्हणून लिहून पाठवते आहे.

आत्ताच लिहायचं दुसरंही कारण आहे. क्लबच्या कँटीनमध्ये आजोबांचा फोटो लावला आहे आणि त्याखाली डचमध्ये लिहिलं आहे, 'आमचे गोड आजोबा'. मी ते दोनदा वाचलं आणि मला राग आला. तुमचे आजोबा पुष्कळ काही होते. गोड नव्हते. साथीत बंद झालेले तुमच्या देशाचे दरवाजे उघडून तुम्ही इथे येईपर्यंत मी गप्प बसले, तर ते कायमचे गोड होऊन बसतील. तसं मी होऊ देणार नाही.

मराठीत लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल, तुम्ही ऐका आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीत उत्तर द्या. लिहिणार आहे मात्र आजोबांनाच उद्देशून. त्यांच्याविषयी त्यांच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

अहो,

पहिली गोष्ट म्हणजे, तो हिट होता.

मुलं ऐकताहेत, म्हणून सुरुवातीपासून सांगते. मध्येच बोलू नका.

आइंडहोव्हनच्या चिपच्या कारखान्यात मापं घेण्यात तुमचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर मुलाजवळ म्हणून आपण नीउ-व्हेनेपला आलो. रेवाने शाळेतल्या मैत्रिणीमागे जाऊन बेसबॉलच्या क्लबात नाव घातलं. इथे क्लबात मूल घातलं की घरातल्या एका मोठ्या माणसाला काहीतरी काम अंगावर घ्यावंच लागतं. कुणी मैदानावर रेघा मारतो, कुणी कँटीनमध्ये कॉफी देतो. तुम्हाला आधी तळणीवर उभं केलं होतं. आयुष्यात अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस मांसाचे गोळे तळतोय, आणि चिमट्यातला प्रत्येक गोळा असा लांब धरतोय, जसा काही तो चावणार आहे! पुढच्या शनिवारी तुम्ही स्वतःच सांगितलंत, "मला लिहायचं काम द्या." त्यांनी स्कोअररची जागा दिली. ती कुणालाच नको असायची. थंडीत बसायचं, हलायचं नाही आणि शेवटी सगळ्यांच्या शिव्या खायच्या. तुमच्यासाठीच तयार केलेली जागा.

तिथे तुम्ही केलेली चूक केवळ आपल्याकडचाच माणूस करू शकला असता. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाने झेल सोडला तरी काढलेल्या धावा फलंदाजाच्याच. त्यात कुणाला शंका नसते. बेसबॉलमध्ये तसं नाही. चेंडू मारून खेळाडू पहिल्या पायरीवर, म्हणजे पहिल्या बेसवर पोचला, तर स्कोअररला ठरवावं लागतं, की हा त्याच्या फटक्यामुळे पोचला की समोरच्याच्या गचाळपणामुळे. फटक्यामुळे असेल तर 'हिट', तो त्याच्या सरासरीत जमा. सहज घेता येणारा चेंडू समोरच्याने सोडला असेल तर 'एरर', आणि मारणाऱ्याच्या सरासरीला त्याचा काही उपयोग नाही. पहिला अख्खा मोसम तुम्ही जो पोचला त्याला हिट देत बसलात. आपल्या क्लबातली सगळी पोरं एकदम असामान्य झाली. शेवटी विभागाच्या सेक्रेटरीचा फोन आला. "मेनेर साठे, तुमच्या क्लबात बाद कुणीच होत नाही का?"

रेवा, तुझी त्या वर्षीची सरासरी आजोबांनी फ्रेम करून दिली होती ना? त्यावर फार विसंबू नकोस.

दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. तुम्ही नियमांचं पुस्तक मागवलंत, चातुर्मास पाळावा तसं पाळलंत, आणि पुढच्या मोसमापासून साऱ्या विभागातले सर्वांत चिक्कू स्कोअरर झालात. इतर क्लबांत कुणाचे तरी बाबा स्कोअर लिहायचे. त्यांना पोरांची तोंडं दिसायची. संशयाचा फायदा मारणाऱ्याला. तुमच्याकडे संशयाचा फायदा नियमाला.

मग मुलाला वेलिंग्टनची नोकरी लागली, नातवंडं गेली. आपल्याला क्लबात जायचं काही कारण उरलं नाही. तरी आपण जात राहिलो. आधी तुम्ही जायचात. नंतर तुमच्या डोळ्यांना लांबचं नीट दिसेना, तेव्हा मीही येऊ लागले. तुम्ही मान खाली घालून लिहायचात आणि मी सांगायचे.

"काय झालं?"

"डावीकडे उंच गेला. पोरगा मागे धावला. घेतला."

"कोणत्या हाताने?"

"तुम्हाला काय करायचंय कोणत्या हाताने? बाद झाला, लिहा."

माझे डोळे आणि तुमची पेन्सिल. त्यावर तो क्लब किती वर्षं चालला, ते त्या फोटोखाली कुणी लिहिलेलं नाही.

डेलानो आपल्याकडे आला तेव्हा चड्डी कमरेवर टिकत नव्हती, इतका बारीक. आई कुरासाओची, शिपोल विमानतळावर पाळीत काम करणारी. एकाही सामन्याला येणं तिला जमायचं नाही. मैदानाच्या दूरच्या टोकाला उभे राहणारे जे तिघं असतात, आउटफील्डर, त्यांतला तो डावीकडचा. मला तो पहिल्याच दिवशी आवडला. बॅटचा आवाज आला की बाकीची पोरं आधी चेंडू शोधायची आणि मग धावायची. हा आधी वळायचा. चेंडू कुठे पडणार ते पायांना कळल्यासारखा.

तुम्हालाही तो आवडला, पण तुमचं कारण वेगळं.

"याची सरासरी बघू नकोस," तुम्ही म्हणालात. "हा रकाना बघ. चार वाइड."

गोलंदाजाने चार चेंडू मारण्याच्या टप्प्याबाहेर टाकले आणि मारणाऱ्याने मोह आवरला, तर पहिली पायरी फुकट मिळते. डच लोक त्याला 'चार वाइड'च म्हणतात. क्रिकेटवाल्या माणसाला तेवढा एक शब्द माहेरचा वाटायचा. डेलानोच्या त्या रकान्यात खुणाच खुणा होत्या.

"पंधरा वर्षांचं पोर वाईट चेंडूला हात लावत नाही, म्हणजे त्याची नजर पक्की आहे. त्यात हा डिसेंबरचा. गटात सगळ्यांत लहान. जी पोरं आत्ताच उंच झालीत त्यांचे हिट त्यांच्या खांद्यांचे आहेत. याला खांदे यायचेत अजून. तोवर नजर वाट बघेल."

"अहो, पण आउटफील्डर निवडायचा तर त्याची बॅट कशाला बघायची? तो धावतो कसा ते बघा ना."

"धावणं शिकवता येतं. झेलही शिकवता येतो. नजर शिकवता येत नाही."

"पहिलं पाऊल शिकवता येतं का?"

"तुझं ते पाऊल कोणत्या रकान्यात लिहू?"

हा आपला वाद. तीन हिवाळे पुरला. रात्रीच्या भाताबरोबर तो वाढलेला असायचा. एकाच पोरासाठी दोघं भांडत होतो आणि दोघं त्याच्याच बाजूचे होतो, हे बाहेरच्या कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

आणि मग तो चेंडू. सगळं बंद पडायच्या आधीच्या मोसमातला शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर, शेजारच्या क्लबाशी. त्यांच्याकडे स्टाइन नावाचा ताडमाड मुलगा होता, तोही डावीकडचा आउटफील्डर. डेलानोने चेंडू असा मारला, की मी उभी राहिले. स्टाइन पाठमोरा धावला, पार कुंपणापर्यंत, हात लांब केला, चेंडू ग्लव्हच्या टोकाला लागला आणि पडला. डेलानो दुसऱ्या पायरीवर.

"काय झालं?"

"हिट! काय हिट, अहो!"

"ग्लव्हला लागला?"

खोटं मला बोलता येत नाही. "लागला. पण तो कुंपणापर्यंत धावत गेला होता."

"लागला म्हणजे घ्यायला हवा होता." आणि तुम्ही चौकटीत 'ई' लिहिलात, एररचा, आणि पुढे सात, म्हणजे डावीकडचा खेळाडू.

"नियमात काय आहे? साधारण प्रयत्नाने घेता येण्यासारखा. हा साधारण प्रयत्न होता?"

"पोचला म्हणजे होता."

"तुम्ही पाहिलंत का?"

"तू सांगितलंस ना."

माझीच साक्ष माझ्याच विरुद्ध. कालव्याकाठच्या रस्त्याने आपण पुढे-मागे सायकली चालवत घरी आलो. मी मुद्दाम पुढे होते. घरी खिचडी केली आणि पापड भाजला नाही.

पुढचा उन्हाळा आला आणि सामने जवळजवळ झालेच नाहीत. टीव्हीवर रोज संध्याकाळी आकडे यायचे आणि तुम्ही चिडायचात. "हे काय मोजतायत? इस्पितळात आलेले की इस्पितळात असलेले? मोजणारा कोण?" तुमच्या प्रश्नांना टीव्हीने कधी उत्तर दिलं नाही.

विभागाच्या युवा संघाची निवड मात्र त्यांना करायचीच होती. खेळ नाही, पाहणी नाही. तेव्हा निवड समितीच्या मार्तिनने सगळ्या क्लबांकडून मागच्या मोसमाचे बॅटिंगचे आकडे मागवले आणि त्यांवरून आउटफील्डरची यादी केली. यादीत स्टाइन होता. डेलानो नव्हता. सरासरी कमी.

मी तेव्हा तुम्हाला स्वयंपाकघरात जे बोलले ते परत घेत नाही. म्हणाले, "कमी कशाने झाली? तुमच्या पेन्सिलने. बाकीच्यांच्या पोरांना बापांनी हिट वाटले, आणि आपल्या पोराला तुम्ही मोजून दिले."

"मग खोटं लिहायला हवं होतं?"

"तो हिट होता!"

"मी मार्तिनशी बोलतो," तुम्ही म्हणालात. "चार वाइडचा रकाना त्याने बघितलेलाच नाही."

सोमवारी बोलणार होतात. रविवारी ताप आला. हाउसआर्ट्सने, आपल्या नेहमीच्या डॉक्टरने, फोनवरच श्वास मोजायला लावला आणि संध्याकाळी दारात ॲम्ब्युलन्स होती. मला बरोबर येता आलं नाही. बूट घालताना तुम्ही म्हणालात, "कागद हलवू नकोस." बस. लोकांचे नवरे काय काय बोलून जातात.

आता शेवटच्या कॉलचं सांगते, कारण त्याबद्दल मुलांना खोटंच सांगितलं गेलं आहे, की आजोबा शांत होते. एका नर्सने टॅब्लेट धरला होता. तुमच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मला बोलायचं होतं. काय बोलायचं? मी म्हणाले, "अहो, तो हिट होता. आता तरी मान्य करा." तुम्ही चादरीवरून तर्जनी उचललीत आणि डावीकडून उजवीकडे हलवलीत. नाही. नर्सला वाटलं तुम्ही मला टाटा करताय. तिने माझ्याकडे बघून हात हलवला.

माझी मैत्रीण अ‍ॅमस्टेलव्हीनहून फोनवर म्हणाली, "शेवटी दुसरं काहीतरी बोलायला हवं होतंस गं." का म्हणून? दुसरं जे होतं ते इतकी वर्षं रोज चालूच होतं. शेवटच्या दिवशी मी एकदम गोड बोलले असते, तर तुम्ही घाबरला असतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर आकडा आला. त्यात तुम्ही होतात. मी टीव्ही बंद केला नाही. आकडा पूर्ण ऐकला. मग लोकांचे फोन आले. "वय झालंच होतं ना." "आधीचं काही दुखणं होतं का?" सगळ्यांना तुम्हाला एखाद्या रकान्यात बसवून मोकळं व्हायचं होतं. मी एकीला विचारलं, "तुमच्याकडे कोणत्या वयापर्यंत माणूस लागतो?" ती रागावली. रागावू दे.

स्मशानात मोजकीच माणसं सोडली. खुर्च्या लांब लांब. मुलगा पडद्यावर, तिथे पहाट. मी रडले. ते इथे लिहून ठेवते, कारण मी रडत नाही असा एक समज आहे. घरी आल्यावर तुमची गादी उचलली, कपडे धुतले आणि तिसऱ्या आठवड्यात तुमच्या टेबलाशी बसले.

कागद हलवले नाहीत, वाचले. मला तुमचा चार वाइडचा रकाना घेऊन मार्तिनकडे जायचं नव्हतं. तो तुमचा मुद्दा, माझा नाही. मला माझा मुद्दा हवा होता, की तुमच्या पेन्सिलीने त्या पोराचं नुकसान झालं. म्हणून मी डेलानोचे आपल्या मैदानावरचे सामने एका बाजूला ठेवले आणि बाहेरच्या मैदानांवरचे दुसऱ्या. बाहेर स्कोअर लिहिणारे दुसरे असतात.

बाहेर त्याची सरासरी घरच्यापेक्षा बरीच चांगली होती. जगात सगळी पोरं घरच्या मैदानावर बरी खेळतात. हाच एक उलटा कसा? कारण घरी तुम्ही होतात. मग मी चार वाइडचा रकानाही तसाच वेगळा करून पाहिला. तो घरी आणि बाहेर जवळपास सारखाच. तो पंच ठरवतो, त्यात स्कोअररच्या स्वभावाला जागाच नाही. तुमचा मुद्दा खरा निघाला होता, आणि तो तुमच्याच हट्टीपणामुळे सिद्ध होत होता. सांगायला तुम्ही नव्हतात. असतात तर मी सांगितलंही नसतं.

टेबलावर तुमचा खोडरबर होता. त्या शेवटच्या सामन्याचा कागदही समोर होता. 'ई सात' खोडून तिथे हिटची रेघ ओढायला कितीसा वेळ लागतो? मी हात लावला नाही. तुमच्या धाकाने नव्हे. तुम्ही चुकलात याचा तो एकच लेखी पुरावा आहे, तो मी कशाला नष्ट करू?

मार्तिनला फोन केला. त्याने आधी सांत्वन केलं. मी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता कामाचं बोलू."

"मेव्राउ साठे, यादी झाली आहे."

"यादी माझ्या नवऱ्याच्या स्वभावावरून झाली आहे. तो तुम्ही ओळखत होतात. सांगा, तो माणूस कुणाला फुकट हिट देणारा होता का?"

तो हसला. मग हसायचा थांबला. मी दोन्ही आकडे वाचून दाखवले, आधी सरासरीचे, मग चार वाइडचे. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता.

"हे तुम्ही काढलंत?"

"काढलं मी. लिहिलं त्यांनी."

"मी जागा देऊ शकत नाही, मेव्राउ. बघू शकतो."

"बघाच. मी तेच म्हणते आहे. तो बॅटच्या आवाजाला वळतो कसा, ते कोणत्याच कागदावर नाही."

वसंतात मुलांचा सराव सुरू झाला तेव्हा मार्तिनने त्यांचा आपसांत एक सामना लावला आणि डेलानोला बोलावलं. मी सायकलने गेले. फाटकावर एका पोरसवदा स्वयंसेवकाने अडवलं. प्रेक्षकांना बंदी आहे.

"मी प्रेक्षक नाही. स्कोअरर आहे," मी म्हणाले आणि पेन्सिल दाखवली. त्याने मार्तिनकडे पाहिलं. मार्तिनने मान हलवली.

तुमच्या जागी पहिल्यांदा एकटी बसले. "काय झालं?" विचारायला शेजारी कुणी नव्हतं. स्वतःच बघायचं आणि स्वतःच लिहायचं, म्हणजे एक काहीतरी हुकतं. तुम्ही वर्षानुवर्षं का विचारत होतात ते कळलं.

डेलानोला खांदे येऊ लागलेत. पहिल्या खेपेला तो चार चेंडू सोडून पायरीवर गेला. मार्तिनने माझ्याकडे वळून पाहिलं. मैदानात त्याच्या डोक्यावरून एक चेंडू गेला, तो आधी वळला, मग धावला, आणि पाठमोराच घेतला. मी मार्तिनकडे वळून पाहिलं. एक तुमचा, एक माझा.

मग त्याने एक चेंडू जमिनीलगत मारला. साधा, सरळ, समोरच्या पोराच्या पायांशी. त्या पोराने तो वाकून उचलला, हातातून पाडला, पुन्हा उचलेपर्यंत डेलानो पोचला होता. पायरीवर उभं राहून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला हिट हवा होता. मार्तिन माझ्या मागेच उभा होता. आसपास तुम्ही नव्हतात. माझ्या एका रेघेवर त्या दिवशी बरंच काही होतं, आणि ते मला माहीत होतं.

मी 'ई' लिहिला. तुमच्यासाठी नाही. तो एररच होता.

सामना संपल्यावर डेलानोने येऊन कागदात डोकावून पाहिलं. "ओमा साठे," तो म्हणाला (क्लबातली पोरं मला आजीच म्हणतात), "तुम्ही पण?"

"मी पण," मी म्हणाले.

रेवा, आता तुझं उत्तर. डेलानोला संघात जागा मिळालेली नाही. सरावाच्या गटात घेतलं आहे, शनिवारी-शनिवारी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघणार आहेत. आजोबा म्हणाले असते, वाढायचाय तो, थांबा. मी म्हणते, तो आजच चांगला आहे. आम्हां दोघांतलं कोण बरोबर ते तुम्ही मोठे व्हाल तेव्हा ठरेल, आणि तेव्हाही मी ऐकून घेईन असं नाही.

अहो, कँटीनमधल्या फोटोखालचा 'गोड' हा शब्द मी त्यांना काढायला लावला. आता तिथे फक्त नाव आहे आणि खाली 'स्कोअरर'. तुमचे कागद जिथे होते तिथेच आहेत. शनिवारच्या सरावाचा स्कोअर मी लिहिते. त्या शेवटच्या सामन्याच्या चौकटीत तुमच्या हातचा 'ई सात' अजून आहे, आणि तो हिट होता.